घरच्या रेकॉर्डिंगसाठी संगणक जोडताना आधी नागपूरचा मे महिना आठवा

एप्रिलचा पहिला आठवडा होता. १४ तारखेच्या आत तीन भीमगीतं तयार करून द्यायची होती. दुपारचे तीन, स्लॅबखालची दहा बाय बाराची खोली, कूलर बंद, पंखा बंद. गायिका अंतऱ्याआधीचा हळू आलाप घेत होती. टेक झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी हेडफोन लावून ऐकायला बसलो तर आलापाच्या मागे एक 'घूंऽऽ'. आधी अगदी बारीक, मग चढत चढत चांगला कानात भरणारा. संगणकातल्या ग्राफिक कार्डचा पंखा होता तो. खोली तापत गेली तसा तोही आलापासोबत वर चढला होता. दुसऱ्या दिवशी आलाप पुन्हा घेतला, पण आदल्या दिवशीसारखा तो आला नाही.

त्या कार्डाचं माझ्या कामात काहीच काम नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, "गाने बनवाले पन ग्राफिक कार्ड लागतेच ना भाऊ," आणि मी मान हलवली होती. इतक्या पैशात चांगला माइक आला असता.

गेमिंगचा संगणक आणि संगीताचा संगणक दिसायला सारखेच असतात, त्यांचे सुटे भाग एकाच काउंटरवर मिळतात, पण दोघांची गरज वेगळी. संगीताच्या संगणकाने वेळ पाळायची असते आणि गप्प बसायचं असतं. नागपुरात तर ही दोन्ही कामं त्याला ४५ अंशांच्या दुपारी करायची असतात. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

दुकानाआधी कागद

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जायच्या आधी घरी बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहा. एका वेळी किती माइक लागणार? गाण्यातली वाद्यं खरी वाजणार की संगणकातली? सॉफ्टवेअर कोणतं?

समजा तुम्ही भजनं रेकॉर्ड करता: एक गाणारा, पेटी, तबला, फार तर मंजिरी. हे काम संगणकासाठी अगदी हलकं आहे, सात-आठ वर्षं जुनं यंत्रही ते करतं. तिथे पैसा माइक, इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) आणि खोलीवर घाला. तुम्ही ट्रॅक बनवत असाल, म्हणजे सिंथ, ड्रम, वर दहा-पंधरा प्लगइन (आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअर), तर भार प्रोसेसरवर येतो. आणि झाडीपट्टीच्या नाटकाला पार्श्वसंगीत द्यायचं असेल, त्यात व्हायोलिनचा ताफा, बासरी, शहनाई सगळं सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या साठ्यातून, येणार असेल, तर प्रोसेसरपेक्षा रॅम आणि एसएसडी आधी पाहा. माझ्याकडे तिन्ही प्रकारचं काम येतं. तुमच्याकडे एकच येत असेल तर तुमचे पैसे वाचले.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, स्टुडिओ वन ही सगळी विंडोजवर चालतात. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, तेव्हा आत्ता घरात जो काही लॅपटॉप आहे त्यावर आधी ते टाकून बघा. काय अडतं ते कळल्यावर खरेदी सोपी होते. लॉजिक मात्र फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रांवर चालतं. तेच हवं असेल तर हा लेख इथेच सोडून २०२४ चा एम४ चिपचा मॅक मिनी बघा. त्यात किमान १६ जीबी रॅम येते आणि आवाज जवळजवळ नसतोच. रॅम मात्र नंतर वाढवता येत नाही. मी स्वतः पेचकस हातात घेऊन रमणारा माणूस, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

वाटी आणि वाढपी

प्रोसेसर निवडण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती समजली की दुकानात कोणी गंडवू शकत नाही.

संगणक आवाज सलग धारेने सोडत नाही. तो छोट्या वाट्यांतून वाढतो. या वाटीला बफर म्हणतात. ४८,००० हर्ट्झवर काम करताना दर सेकंदाला ४८,००० नमुने लागतात. वाटी १२८ नमुन्यांची ठेवली तर ती २.७ मिलिसेकंदांत रिकामी होते, आणि तेवढ्या वेळात दुसरी भरून समोर यायलाच हवी. नाही आली की स्पीकरमधून 'टक्' किंवा 'चर्र' येतो. वाटी मोठी केली, २५६ ची, तर ५.३ मिलिसेकंद मिळतात. १०२४ ची केली तर २१. संगणकाला उसंत मिळते, पण तेवढाच उशीर गाणाऱ्याच्या कानात जातो. आवाजाला हवेत एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटर लांबच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकणं. त्यातही आवाज आत येताना एक वाटी आणि बाहेर जाताना दुसरी, म्हणून उशीर दुपटीने मोजा. तबलजी लगेच म्हणतो, "मागे पडतंय."

आता पंगतच घ्या. पन्नास पानं असतील तर वाढपी वाढवले की काम झपाट्याने होतं. पण एकाच पानावर आधी मीठ-लिंबू, मग भाजी, मग वरण-भात, असं क्रमानेच वाढावं लागतं. तिथे दहा वाढपी उभे राहिले तरी उपयोग नाही. एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी तशीच असते. ईक्यूचं काम झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होत नाही. म्हणून 'किती कोअर' याच्या आधी 'एक कोअर किती वेगवान' हे विचारा. सहा चपळ कोअर घरच्या कामाला पुरतात, आठ असले तर चैन.

माझी पसंती एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोअर, ६५ वॅट (जितके वॅट तितकी उष्णता), स्क्रीन चालवण्यापुरतं ग्राफिक आतच. काम वाढणार असेल तर त्याच घरातला आठ कोअरचा रायझन ७ ७७००. इंटेलमध्ये आय५ १२४०० अजूनही चांगला. त्याचेही सहा कोअर, फक्त जोर लागला की तो ६५ वरून ११७ वॅटपर्यंत जातो. बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून, ही मर्यादा खाली आणता येते आणि नागपुरात ती आणावीच.

नावापुढच्या अक्षरांकडे डोळे उघडे ठेवून पाहा. १२४०० आणि १२४००एफ यांत फरक एका अक्षराचा, पण 'एफ'मध्ये ग्राफिक नसतं. म्हणजे स्क्रीन लावायला वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. दुकानात 'एफ' स्वस्त म्हणून पुढे करतात आणि मग कार्ड विकतात. रायझनमध्ये ७६००एक्स १०५ वॅटचा आहे. आपल्याला साधा ७६०० हवा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, ते २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली. त्या पिढीतला घ्यायचा असेल तर नवाच घ्या, आणि पहिलं काम बायोस अपडेटचं करा. सेकंडहँड घेऊच नका.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी

मदरबोर्डवर फार वेळ घालवू नका. रायझनला बी६५०, इंटेलला बी७६० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. एम.२ एसएसडीच्या दोन जागा, मागे भरपूर यूएसबी, लॅनचं सॉकेट, आणि बायोसमधून वेग बदलता येईल असे पंखे जोडायच्या निदान तीन जागा, एवढं बघा. बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बिल करण्याआधी दोन्ही खोके शेजारी ठेवून वाचा.

रॅम १६ जीबी ही किमान, ३२ योग्य. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की ३२ चा आग्रह धरताना माझीच जीभ अडखळते. बजेट ताणलं जात असेल आणि काम भजनाचं किंवा गायनाचं असेल तर १६ वर थांबा. पण घ्याल ते दोन पट्ट्यांत घ्या, ८ च्या दोन किंवा १६ च्या दोन. एकाच पट्टीवर रॅमचा अर्धा रस्ता बंद राहतो. रायझनच्या या पिढीत चार पट्ट्या लावल्या की रॅमचा वेग उतरतो, तेव्हा 'दोन आत्ता, दोन नंतर' हा बेत इथे फारसा कामाचा नाही.

एसएसडीबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की रेकॉर्डिंगला सगळ्यात वेगवानच लागते. हिशेब करून बघा. २४ बिट, ४८,००० हर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतो. दहा ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला दीड एमबीसुद्धा होत नाही. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते. वेगाचा फायदा होतो तो सॅम्पल लायब्ररी उघडताना, कारण मोठ्या लायब्ररी सुराचं फक्त तोंड रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला सूर वाजता वाजता डिस्कवरून ओढतात. म्हणून एक ५०० जीबीची विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरी १ टीबीची सॅम्पल आणि चालू गाण्यांसाठी. दोन्ही मधल्या भावाच्या असल्या तरी चालतं. वरच्या किमतीची ७,००० एमबीवाली घेण्याऐवजी तो फरक बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला आणि दर रविवारी गाण्यांची प्रत काढा. गायकाचा टेक गेला की तो कोणत्याच दुकानात मिळत नाही.

ग्राफिक कार्ड: नको. गाण्यासोबत व्हिडिओ एडिटिंगही करणार असाल तर हवं, तेही कमी भार असताना ज्याचा पंखा पूर्ण थांबतो असं.

ऊन आणि आवाज

इंटरनेटवर कुठलाही हीटसिंक (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) तपासलेला बघा, खोलीचं तापमान २० ते २५ अंश धरलेलं असतं. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० सहज असतं. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश जायचं तेवढं ठरवतो. २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहत असेल तर फरक ४१ चा. तोच पंखा त्याच वेगाने ४० अंशांच्या खोलीत त्याला ८१ च्या आसपास ठेवेल. प्रोसेसर जळणार नाही, रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ आहे. पण बायोसने पंखा तापमानावर सोडलेला असतो, तो ओरडायला लागेल आणि माइक तो आवाज इमानदारीने टिपेल.

म्हणून खोक्यातून येणारा छोटा पंखा बाजूला ठेवा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा हीटसिंक घ्या. डीपकूलचा एके४०० किंवा थर्मलराइटचे त्याच्या जोडीचे मॉडेल बर्डीवर किंवा ऑनलाइन मिळतात, आणि या संगणकात प्रत्येक रुपयाला सगळ्यात जास्त फळ देणारी वस्तू हीच. मोठा पंखा हळू फिरवला तरी तेवढीच हवा ढकलतो. विकत घेण्याआधी उंची मोजा: एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर आहे, आणि कॅबिनेटच्या माहितीत 'हीटसिंकची कमाल उंची' लिहिलेली असते. ती १६० च्या वर हवी. पाण्याचं कूलिंग घेऊ नका. ६५ वॅटला त्याची गरज नाही आणि पंपाचा आवाज वेगळा.

दुकानात मागताना 'प्रोसेसरचा' असं आधी म्हणा. नागपुरात एप्रिलमध्ये नुसतं 'कूलर दाखवा' म्हटलं तर काय दाखवतील सांगता येत नाही.

कॅबिनेट समोरून जाळीचं हवं. काच आणि दिवे असलेले दिसतात देखणे, पण समोर काच म्हणजे हवा कोंडली. जाळीमागे धुळीची गाळणी असावी आणि ती पेचकस न लावता निघावी. निघायला कटकट असेल तर तुम्ही ती काढून धुणार नाही, आणि उन्हाळ्यातल्या धुळीने महिन्याभरात ती गच्च होते. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त राहिली की फटींतून धूळ कमी शिरते.

आणि आपला तो दुसरा कूलर, खिडकीतला, वाळ्याची ताटी लावलेला. त्याच्या थेट झोतात संगणक ठेवू नका. ओलाव्याने फार बिघडत नाही, पण ताटी जुनी झाली की बारीक तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर धरतो. माझ्या जुन्या कॅबिनेटच्या डाव्या जाळीवर अजून तो थर आहे, नखाने खरवडला तरी निघत नाही. मी आता असं करतो: गाणारा येण्याआधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करायची, मग तो बंद करून वीस-पंचवीस मिनिटं टेक घ्यायचे, मग चहा आणि पुन्हा कूलर. कूलर चालू असताना मिक्सिंगचा कोणताही निर्णय मात्र घेऊ नका. त्याच्या घरघरीत खालचे सूर बुडतात आणि तुम्ही बेस वाढवत सुटता.

जमलं तर संगणक खोलीच्या बाहेरच ठेवा. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते आणि बहुतेक घरगुती इंटरफेसना यूएसबी २ पुरतं. भिंतीला भोक पाडून स्क्रीन, कीबोर्ड आणि इंटरफेसच्या केबल आत घ्यायच्या. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारून.

वीज, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा, ओळखीच्या कंपनीचा घ्या. ग्राफिक कार्डाशिवाय हा संगणक १५० वॅटच्या पुढे क्वचित जातो, म्हणून 'भाऊ, साडेसातशे टाका, पुढे कामी येईल' हे ऐकून सोडून द्या. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र कधीच नको.

मेच्या शेवटी आणि जूनमध्ये वादळी पावसाने वीज येते-जाते. यूपीएस हवा. बरेच जण घरच्या इन्व्हर्टरवरच संगणक चालवतात. तो साइन वेव्हचा असेल आणि त्यावरचं बटण 'यूपीएस' मोडला असेल तर चालतं. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर वीज जाताच स्पीकरमधून भुणभुण सुरू होते, एसएमपीएससुद्धा कुरकुरतो. विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवण्याला पर्याय नाही. कुठलाही स्पाइक बोर्ड जवळ पडलेली वीज अडवत नाही.

आता अर्थिंग. घरच्या स्टुडिओतल्या निम्म्या तक्रारी इथल्या असतात आणि त्यांचं खापर इंटरफेसवर फुटतं. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर समजा तुमच्या सॉकेटमधली वरची जाड पिन नुसती शोभेची आहे. एसएमपीएसमधली गाळणी थोडा करंट बॉडीवर सोडते, तो जमिनीत जायला हवा. वाट नसली की तो तुमच्यातून आणि माइकच्या केबलमधून जातो. रेकॉर्डिंगमध्ये तो ५० हर्ट्झचा गुंजारव होऊन बसतो. नागपूरच्या महाल भागात एका मित्राच्या जुन्या घरात आम्ही तीन केबल आणि एक इंटरफेस बदलला, शेवटी इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला तर अर्थची वायर बोर्डातच कापलेली होती.

मीटर लावल्यावर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. संगणक, इंटरफेस, स्पीकर सगळे एकाच बोर्डावर लावा आणि स्पीकरला बॅलन्स्ड (गुंजारव कमी पकडणारी) केबल वापरा. गुंजारव जावा म्हणून अर्थची पिन कापून टाकणारे महाभाग आहेत. तसं करू नका, जिवाशी खेळ आहे.

इंटरफेस

मदरबोर्डवरच्या माइकच्या भोकात काही लावायचं नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, ते इंटरफेस देतो. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू, ऑडिएंट इव्हो ४, मोटू एम२ यांपैकी कुठलाही दोन इनपुटचा घ्या. एकमेकांतला फरक तुमच्या खोलीतल्या प्रतिध्वनीपेक्षा कमीच आहे. मी इनपुटची संख्या आणि ड्रायव्हर बघतो. ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेसला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, कंपनीचा स्वतःचा आसिओ (उशीर कमी ठेवणारा प्रकार) असावा. पेटी आणि तबला एकाच वेळी नीट घ्यायचे तर दोन इनपुट संपले, गाणाऱ्याला तिसरा लागतो. भजन मंडळाचं काम असेल तर सुरुवातीलाच चार घ्या, दोनाचे चार नंतर होत नाहीत. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर गाणारा स्वतःला उशीर न होता ऐकतो आणि वाटीचा सगळा वर लिहिलेला हिशेब टेकपुरता तरी मिटतो.

खरेदी

बर्डीवर दोन-तीन दुकानांत तोच कागद दाखवून लेखी भाव घ्या, ऑनलाइन भावाशी ताडून बघा. भाव १८ टक्के जीएसटीसह आहे का हे आधी विचारा. दोन-पाचशेचा फरक असेल तर मी गावातच घेतो; वस्तू बिघडली की दुकानात जाऊन उभं राहता येतं. प्रोसेसर खोक्यातला घ्या, नुसता प्लास्टिकच्या ट्रेमधला नको, कारण खोक्यातल्यावर तीन वर्षांची वॉरंटी असते. बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि बिघडल्यास वस्तू नागपुरातच जमा होते की दुसऱ्या शहरात पाठवावी लागते तेही. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा.

जोडणी

सकाळी बसा, घाम टपकत नसताना. फरशीवर नको, लाकडी टेबलावर. अधूनमधून एखाद्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच बाहेर त्यावर प्रोसेसर, रॅम, एसएसडी बसवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा आणि तो नुसता ठेवा, दाबू नका. नव्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसासारख्या नाजूक. लिव्हर खाली करताना करकर होते, काळं झाकण टण्णकन उडतं, घाबरायचं नाही. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना मागतात. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी. थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. हीटसिंकच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं ना? मी पहिल्यांदा नव्हतं काढलं. संगणक चालला, पण विंडोज टाकतानाच ९० अंश.

रायझनच्या डीडीआर५ बोर्डाला पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काळीच राहते, कधी कधी पाच-सात मिनिटं. तो रॅमची ओळख करून घेत असतो. पंखे फिरताहेत, स्क्रीन नाही, म्हणून मी दोनदा बटण दाबून बंद केला आणि दर वेळी त्याने ओळखपरेड पहिल्यापासून सुरू केली. चहा ठेवा आणि थांबा.

बायोसमध्ये तीनच गोष्टी. रॅमचं एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा, म्हणजे ती खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालते. इंटेल असेल तर वॅटची वरची मर्यादा ६५ ते ९० च्या दरम्यान आणा. आणि पंख्यांचा आलेख: ७० अंशांपर्यंत एकाच मंद वेगावर सपाट, त्यापुढे हळू चढता. चढउतार करणारा पंखा गाण्यातून काढता येत नाही. एकसारखा मंद असला तर तो साफ करायला सोपा.

शेवटची तपासणी

विंडोज ११ टाका. १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर, यूएसबी आपोआप झोपण्याची सोय बंद. गाण्यांचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका, नाहीतर टेक सुरू असताना ते ढगात चढवायला घेतं. मग कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारं लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर वीस मिनिटं चालवा. लाल पट्टी दिसली तर ड्रायव्हरचं नाव तिथेच येतं. बहुतेक वेळा वायफाय असतं. लॅनची केबल लावा, वायफाय बंद करा आणि पुन्हा बघा.

खरी परीक्षा दुपारी तीनला घ्या. तुमचं सगळ्यात जड गाणं उघडा, बफर १२८ वर ठेवा, कूलर-पंखा बंद करा, खिडकी लावा. माइक गाणाऱ्याच्या जागी उभा करून त्याच्यासमोर कोणीही न बोलता पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा. मग ती शांतता हेडफोनमध्ये आवाज वाढवून शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीचं आणि शेवटचं मिनिट एकसारखं वाटलं तर गायिकेला फोन करायला हरकत नाही.